पवनाकांठाहून हिमगांवीं

पवनेच्या कांठीं वसलेलें थेरगांव आजहि गांव या नांवानेंच ओळखलें जातें. पण तेथें नांगर धरणारा मनुष्य शोधूं गेल्यास सबंध दिवस मोडेल. केजुदेवीच्या बंधाऱ्यावरून पाणी पूर्वींसारखेंच वाहतें. बाकी सारें बदललें. डांगे चौकांत उभें राहिलें, तर एका अंगास चिंचवड, दुसऱ्या अंगास हिंजवडीकडे जाणारा रस्ता आणि मधून न संपणारी मोटारींची रांग एवढेंच नजरेस पडतें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढें टेल्को व बजाज यांचे कारखाने उभे राहिले. १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि २००९ सालीं चाकणला फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या मोटारी तयार होऊं लागल्या. या प्रत्येक टप्प्यागणिक बीड, लातूर, उस्मानाबाद, जळगांव, बुलढाणा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसें आलीं आणि या पट्ट्यांतील जुन्या गांवांच्या अंगाखांद्यावर चाळी व इमारती चढवून राहिलीं. थेरगांवांत आज जी पिढी वयांत येत आहे, तिच्यापैकीं कित्येकांच्या आईबापांनीं एकदां गांव सोडलेलें आहे. म्हणून परदेशीं जाण्याचा विचार या घरांत शिरतो, तेव्हां तो पुण्याच्या जुन्या पेठांतील घरांत शिरतो तसा शिरत नाहीं.

पेठेंतील मुलगा परदेशीं गेला, तो बहुधा पदवीच्या वाटेनें गेला. आधीं गुणपत्रिका, मग शिष्यवृत्ति, मग विद्यापीठ. थेरगांवच्या मुलापुढें अलीकडे दुसरी एक वाट आली आहे. ती हुन्नराची वाट आहे. आणि तिचें दुसरें टोंक, आश्चर्य वाटेल, पण कित्येकदां बर्फाच्या डोंगरांतील एखाद्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरांत किंवा रुग्णालयाच्या दालनांत निघतें.

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोंपऱ्यांत बाडेन-वुर्टेंबर्ग नांवाचें राज्य आहे. स्टुटगार्ट ही त्याची राजधानी. महाराष्ट्राचा व त्या राज्याचा संबंध आजचा नव्हे. मुंबई व स्टुटगार्ट हीं १९६८ पासून भगिनी-नगरें आहेत, आणि २०१५ सालीं दोन्ही राज्यांनीं परस्पर सहकार्याचा करार केला. त्या करारांत व्यापार होता, शिक्षण होतें, यंत्रविद्या होती. फेब्रुवारी २०२४ मध्यें मुंबईस जो नवा करार झाला, त्याचा विषय मात्र सरळ सरळ माणसें हा होता. पहिल्या टप्प्यांत महाराष्ट्रांतील दहा हजार कुशल तरुण त्या राज्यांत पाठवावे, आणि त्यांना जर्मन भाषा सरकारी खर्चानें शिकवावी, असें ठरलें. ज्या व्यवसायांस मागणी आहे त्यांची यादी सुमारें तीस कलमांची होती. तींत परिचारिका आहेत, प्रयोगशाळेंतील साहाय्यक आहेत, आचारी, वाढपी, हॉटेलांतील स्वागतिका व खोल्यांची व्यवस्था पाहणारे आहेत. वीजतंत्री, नळकारागीर, सुतार, गवंडी, रंगारी आहेत. बस, ट्राम व मालमोटारी हांकणारे आहेत. प्राध्यापक नाहीं, वकील नाहीं. ज्या कामांस आपल्याकडे ‘कांहींच जमलें नाहीं म्हणून करतो’ असें म्हटलें जातें, बहुतेक तींच कामें तेथें हवीं आहेत.

करारांतील आंकडा आणि विमानांत प्रत्यक्ष बसणाऱ्यांचा आंकडा यांत नेहमींच अंतर पडतें. दहा हजार हा शब्द कागदावर लिहिण्यास क्षण पुरतो. एका मुलास परकी भाषा उपजीविकेपुरती शिकवण्यास वर्ष जातें. तेव्हां या करारानें दारें सताड उघडलीं असें समजून नोकरीचा राजीनामा देणें वेडेपणाचें होईल. पण दाराला कडी नाहीं, एवढें मात्र खरें. जर्मनींत मोठ्या लोकसंख्येची पिढी आतां निवृत्त होत आहे आणि तिच्या जागीं येणारीं मुलें थोडीं आहेत. दरवर्षीं सुमारें चार लाख माणसें बाहेरून येऊन राहिलीं, तरच तेथील कामकरी वर्ग आहे तेवढा टिकेल, असा त्या देशांतील श्रमसंशोधकांचा हिशेब आहे. म्हणून २०२० सालीं व पुन्हां २०२३ सालीं त्यांनीं परदेशी कारागिरांसंबंधींचे कायदे सैल केले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें हिंदी कुशल कामगारांसाठीं वर्षाकांठीं वीस हजारांऐवजीं नव्वद हजार परवाने देण्याची घोषणा केली. आपल्याकडून यापूर्वीं कोणी गेलेंच नाहीं असेंहि नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत केरळांतील शेंकडों तरुणी चर्चसंस्थांच्या साह्यानें जर्मन रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या. त्यांचीं नातवंडें आज तेथें जर्मन म्हणून वाढत आहेत.

या राज्याचा दक्षिण भाग म्हणजे श्वार्त्सवाल्ट, काळें अरण्य. देवदारासारख्या दाट व उंच वृक्षांमुळें त्यास हें नांव पडलें. हिंदुस्थानास हा मुलूख एका दुःखद कारणानें पूर्वींच परिचित झालेला आहे. कमला नेहरू क्षयानें आजारी असतां १९३५ सालीं याच अरण्याच्या कडेच्या बाडेनवायलर गांवीं उपचारासाठीं राहिल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ जातां यावें म्हणून जवाहरलालजींना त्या वर्षींच्या सप्टेंबरांत अलमोड्याच्या तुरुंगांतून मुक्त करण्यांत आलें. पुढें कमलाबाईंना स्वित्झर्लंडमधील लोझान येथें नेलें व तेथें फेब्रुवारी १९३६ मध्यें त्यांचें निधन झालें. त्या काळीं आपल्याकडील माणसें हिमप्रदेशांत जात, तीं रोगी म्हणून किंवा श्रीमंत प्रवासी म्हणून. चाकरीसाठीं कोणी जाईल हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

खुद्द श्वार्त्सवाल्टच्या शेतकऱ्यांना तरी बर्फाचा कोठें उपयोग होता? पांच-पांच महिने घर बर्फानें वेढलेलें असे. गुरें गोठ्यांत, माणसें चुलीपाशीं. त्या सक्तीच्या रिकामपणांत तेथील लोक लांकडाचीं घड्याळें कोरूं लागले. ज्यांतून लहानसा पक्षी बाहेर येऊन कुहू करतो, तीं घड्याळें याच डोंगरांतून जगभर गेलीं. पुढें १८८७ सालीं फ्रायबुर्ग शहरापासून वर डोंगरांत रेल्वे आली. ती ज्या खिंडींतून चढते, तिचें नांव ‘नरकदरी’; तिच्या खालच्या तोंडाशींच ‘स्वर्गराज्य’ नांवाचीं घरें आहेत. रेल्वेनें शहर वर आणलें. १८८८ सालीं नॅन्सेननें पायांस स्की बांधून ग्रीनलंड ओलांडल्यावर युरोपभर या लांकडी पट्ट्यांचें वेड पसरलें, आणि १८९१ च्या हिंवाळ्यांत एका फ्रेंच वकिलातींतील गृहस्थानें स्कीवरून फेल्डबर्ग शिखर गांठलें. १,४९३ मीटर उंचीचें हें त्या राज्यांतील सर्वांत उंच शिखर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि फेल्डबर्ग तिच्यापेक्षां दीडशें मीटर बुटका आहे. उंचीचा फरक एवढासा. फरक आहे तो अक्षांशाचा. थेरगांव विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर आहे, फेल्डबर्ग जवळजवळ अठ्ठेचाळीस अंशांवर.

त्याच वर्षीं, १८९१ सालीं, शिखराच्या पायथ्याच्या टोटनाउ गांवीं स्कीचें मंडळ स्थापन झालें. जर्मनींतील जुन्यांत जुन्या मंडळांत त्याची गणना होते. पण खरी मौज आहे ती १९०८ सालची. शोलाख नांवाच्या वाडीवर रॉबर्ट विंटरहाल्डर म्हणून एक खानावळवाला होता. पाहुण्यांना स्की खांद्यावर घेऊन चढ चढावा लागतो हें पाहून त्यानें पाणचक्कीच्या चाकास दोर जोडला आणि त्या दोराला धरून पाहुणे आपोआप वर जातील अशी योजना केली. जगांतील पहिली स्की-लिफ्ट ती हीच मानतात. यंत्रें जाणणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या माणसास या गोष्टीचें कौतुक वाटावें. वर्कशॉपांतल्या पट्ट्याचें तत्त्व त्यानें डोंगरावर नेलें आणि बर्फ, जो इतकीं शतकें केवळ अडचण होता, तो विकावयाचा माल झाला. १९६० सालीं स्कीच्या स्पर्धेंत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारा गेओर्ग टोमा याच भागांतील हिंटरत्सार्टेन गांवचा. तो धंद्यानें टपालवाला होता.

आज फेल्डबर्गच्या परिसरांत कायमची वस्ती थोडी आणि पाहुणे फार. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत बर्फावर घसरण्यासाठीं, आणि उन्हाळ्यांत पायीं भटकण्यासाठीं लोक येतात. त्यांच्या खोल्या झाडणारे, चादरी बदलणारे, त्यांना सूप व कॉफी देणारे हात हवे असतात. तेथील तरुण शहरांत जाऊं पाहतो. हॉटेलचें काम त्याला नको असतें, कारण इतरांची सुटी तोच या कामाचा भर असतो. नाताळ, नवें वर्ष, शनिवार, रविवार या दिवशीं विश्रांतीची आशाच धरूं नये. दिवसाची पाळीहि पुष्कळदां दुभंगलेली असते: सकाळीं न्याहारीपासून दुपारपर्यंत काम, मग तीन-चार तास मोकळे, आणि संध्याकाळीं पुन्हां रात्रींच्या जेवणापर्यंत. दोन दिवसांच्या कामांत अकरा तासांची विश्रांति असावी असा कायदा आहे. हॉटेलांत ती दहा तासांवर आणतां येते. मधले मोकळे तास कागदावर सुखाचे दिसतात. परंतु डोंगरांतील गांवांत, ओळखीचें कोणी नसतां, दुपारीं दोन ते पांच या वेळाचें करावयाचें काय, हा प्रश्न कित्येकांना भांडीं घासण्याहूनहि जड जातो.

आतां थेरगांवांतील एक घर कल्पावें. वडील पंचवीस वर्षांपूर्वीं बीडकडून आले. चिंचवडला एका लहान कारखान्यांत लेथवर आहेत. आई शिवणकाम करते. मुलगा हॉटेल-व्यवस्थापनाची पदविका घेऊन हिंजवडीच्या एका हॉटेलांत वाढप्याचें काम करतो. रात्रीं जेवतांना विषय निघतो.

“एवढं शिकून लोकांचीं उष्टीं ताटंच उचलायचीं, तर इथं काय वाईट आहे?” वडील विचारतात.

“इथं उचललीं तर जन्मभर उचलीन, बाबा. तिथं तीन वर्षांनीं परीक्षा आहे.”

“परीक्षेचं मागाहून बघूं,” आई म्हणते. “तिथं तापानं फणफणलास, तर उशाशीं कोण बसेल रे?”

मुलगा गप्प राहतो. वडीलहि कांहीं बोलत नाहींत. पंचवीस वर्षांपूर्वीं त्यांच्या आईनें हाच प्रश्न बीडच्या घरीं विचारला असणार.

या तिन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि परदेशाच्या गोष्टी सांगणारे लोक तिघांपैकीं फक्त मुलाचें ऐकतात, हा त्यांचा दोष आहे. वडिलांचा आक्षेप नुसत्या अभिमानाचा नव्हे. ताट उचलणें हें काम आपल्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वांट्यास आलें हें त्यांस ठाऊक आहे, आणि त्यांतून मुलानें बाहेर पडावें म्हणूनच त्यांनीं गांव सोडलें. मुलाचें म्हणणें समजण्यास मात्र जर्मन उमेदवारीची पद्धत जाणावी लागते. तेथें आचाऱ्याचें किंवा हॉटेलांतील काम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मालकाशीं लेखी करार होतो. कांहीं आठवडे हॉटेलांत काम, कांहीं आठवडे व्यवसाय-शाळेंत धडे, असें आलटून पालटून चालतें. फेल्डबर्गकडील उमेदवारास फिलिंगेन-श्वेनिंगेन येथील हॉटेल-व्यवसायाच्या राज्य-शाळेंत जावें लागण्याचा संभव असतो. तेथें मद्याच्या जाती, स्वच्छतेचे नियम, खर्चाचा हिशेब, वाढण्याची रीत हें सर्व शिकवितात आणि शेवटीं उद्योगमंडळाची परीक्षा होते. ती उतरलेला मनुष्य मग कारागीर ठरतो. त्याचें प्रमाणपत्र देशभर चालतें, आणि अशा प्रकारें तेथेंच शिकून नोकरीस लागलेल्यास, भाषा व इतर अटी पुऱ्या केल्यास, दोन वर्षांनीं कायम वास्तव्याचा हक्क मागतां येतो. आपल्याकडे पदविका आहे, पण ती उतरलेल्यास मालक कारागीर मानीलच असें नाहीं. भेद आहे तो येथें.

पैशाचें गणित लोक सांगतात तेवढें गोड नाहीं. २०२५ सालीं उमेदवारी सुरू करणाऱ्यास पहिल्या वर्षीं महिना किमान ६८२ युरो विद्यावेतन द्यावें असा तेथील कायदा होता; हॉटेलांत संघटनांच्या करारामुळें तें सहसा याहून अधिक मिळतें. युरोचा भाव त्या वर्षाअखेर शंभर रुपयांवर गेलेला होता, म्हणून थेरगांवच्या कट्ट्यावर हा आंकडा लगेच रुपयांत फिरविला जातो आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण खर्चहि युरोंतच होतो. विम्याची वजावट, खोलीचें भाडें, जेवणाचे पैसे, हिंवाळी बूट व डगला हीं सारीं त्यांतूनच निघावयाचीं. पहिलीं तीन वर्षें घरीं मोठी रक्कम येईल या भरंवशावर जो बाप कर्ज काढील, तो हप्त्यांच्या दिवशीं मुलास दोष देत बसेल. पूर्ण कारागीर झाल्यावर गोष्ट निराळी. तेथील कायदेशीर किमान मजुरी २०२५ सालीं तासास १२.८२ युरो होती व २०२६ च्या आरंभापासून ती १३.९० ठरविली गेली; कुशल मनुष्यास त्याहून अधिक मिळावयाचें.

आईच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर कायद्यांत आहे. आजारविमा तेथें सक्तीचा आहे आणि नोकरीचा पहिला महिना उलटल्यावर आजारी पडलेल्या कामगारास सहा आठवड्यांपर्यंत पुरा पगार मिळतो. चिंचवडच्या कंत्राटी लेथवाल्यास एक दिवस पडून राहिल्यास त्या दिवसाची मजुरी जाते. उशाशीं बसणारें माणूस मात्र कोणताहि कायदा देऊं शकत नाहीं.

सर्वांत कठीण पायरी थंडीची नव्हे, भाषेची आहे. जर्मन भाषेच्या परीक्षा अ-एक, अ-दोन, ब-एक, ब-दोन अशा चढत जातात. उमेदवारीसाठीं सामान्यतः ब-एक लागते. परिचारिकेस आपली पदवी तेथें मान्य करून घ्यावयाची, तर बहुधा ब-दोन. पुण्यांत मॅक्सम्युलर भवन आहे, विद्यापीठांत जर्मनचे वर्ग पुष्कळ वर्षांपासून आहेत. पण त्या वर्गांत आजवर बसला तो मुख्यतः इंजिनियर. दहा तास पाळी करून आलेल्या वाढप्यानें रात्रीं नामांचीं तीन लिंगें घोकावयाचीं, ही निराळीच तपश्चर्या आहे. मराठी मुलास येथें एक सोय अशी कीं, तीन लिंगें त्याला नवीं नाहींत. ‘तो, ती, तें’ तो आईच्या मांडीवर शिकला. इंग्रजीच जाणणाऱ्यास जें मुळांतून उमजावें लागतें, तें याला केवळ पाठ करावें लागतें. आणि पाठ करणें मराठी शाळांनीं त्याला भरपूर शिकविलें आहे! तथापि वर्गांतील जर्मन आणि श्वार्त्सवाल्टच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची बोली यांत पुण्याची मराठी व मालवणी यांच्याएवढें अंतर आहे. पहिला महिना मुलगा ‘काय म्हणालात?’ एवढेंच वाक्य बिनचूक बोलतो.

जेवणाचा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. थेरगांवापासून देहू व आळंदी दूर नाहींत. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीस होतो. या भागांत माळकरी घरें पुष्कळ आहेत. आचाऱ्याच्या उमेदवारींत मांस कापणें, शिजवणें व चाखणें हा अभ्यासाचाच भाग असतो. श्वार्त्सवाल्टची ख्याति तर धुरावलेल्या डुकराच्या मांसासाठींच आहे. माळ घातलेल्या मुलानें हा विचार येथें, निघण्यापूर्वीं, करावा. स्वागतकक्षाचें किंवा खोल्यांच्या व्यवस्थेचें काम घेतलें, वीजतंत्री किंवा नळकारागीर म्हणून गेला, तर हा पेंच पडत नाहीं. पण ‘तिथें गेल्यावर बघूं’ असें म्हणून आचारी व्हावयास गेलेला मुलगा दुसऱ्याच आठवड्यांत मालकाशीं व स्वतःशीं अशा दोघांशीं भांडत बसतो.

थंडीविषयीं आपल्याकडे भय फार आणि माहिती थोडी. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अठराव्या वर्षीं फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हां नऊवारी नेसून त्यांनीं तेथला हिंवाळा काढला आणि धुरकट शेगडीच्या खोलींत प्रकृति खालावून घेतली. १८८६ सालीं डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षीं पुण्यांत वारल्या. त्या कथेनें महाराष्ट्राच्या मनांत परदेशची थंडी कायमची बसली आहे. आजच्या घरांतून उष्णतेची व्यवस्था उत्तम असते. थंडी सोसावी लागते ती बाहेर. अंधार मात्र कोठेंच चुकत नाहीं. डिसेंबरांत सूर्य साडेचाराच्या सुमारास मावळतो. सकाळच्या पाळीस निघतांना अंधार, दुपारीं ढग, संध्याकाळच्या पाळीस निघतांना पुन्हां अंधार. पुणेरी ऊन अंगावर घेऊन वाढलेला मुलगा उदास होतो, तो बहुधा या अंधारानें. आणि त्याला वाटतें घरची आठवण येत आहे.

बर्फाची शोभा चित्रांत दिसते तेवढी पायाखालीं राहत नाहीं. घरासमोरची पायवाट सकाळीं, बहुधा सातच्या आंत, मोकळी करून तिच्यावर खडी टाकणें ही तेथें रहिवाशांची जबाबदारी असते. कोणी घसरून पडल्यास जाब विचारला जातो. स्टुटगार्टकडील श्वाबेन भागांत तर जिना व पायवाट झाडण्याची पाळी घराघरांत आठवड्यागणिक फिरते, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर तशी पाटी टांगतात. चाळींत नळाच्या पाळीवरून झालेलीं भांडणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना ही शिस्त लवकर समजेल. ती चुकविणाऱ्या शेजाऱ्याशीं तेथें कोणी भांडत नाहीं. फक्त बोलणें बंद होतें.

यांत आणखी एक काळजी आहे, आणि ती त्या गांवांचीच आहे. बर्फ कमी होत चालला आहे. श्वार्त्सवाल्टचे डोंगर आल्प्सइतके उंच नाहींत. हवेंत थोडी उष्णता वाढली, तरी तेथें बर्फाऐवजीं पाऊस पडतो. यंत्रांनीं पाण्याचे तुषार उडवून कृत्रिम बर्फ करतात, पण त्या यंत्रांनाहि थंड रात्र लागते. ज्या मुलानें केवळ स्कीच्या हंगामावर विसंबून बेत आंखला, त्याचा बेत हवेवर राहील. उन्हाळ्यांतहि चालणारें हॉटेल, किंवा कोठेंहि नेतां येईल असा हुन्नर, हें अधिक शहाणपणाचें.

इतर देशांच्या हिमगांवांची वाट याहून अरुंद आहे. युरोपांतील किंवा ऑस्ट्रेलियांतील तरुण एक हंगाम कॅनडांत, एक हंगाम न्यूझीलंडांत असा मजेखातर हिंडूं शकतो; त्यासाठीं ‘सुटी व काम’ असा खास परवाना असतो. हिंदी तरुणांना हीं दारें फार काळ बंदच होतीं. ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं वर्षास एक हजार परवाने चिठ्ठ्या टाकून देण्यास आरंभ केला. त्यासाठीं हजारों अर्ज आले. जपाननेंहि कुशल कामगारांसाठीं २०२१ सालीं हिंदुस्थानाशीं करार केला आहे, व तेथील होक्काइदो बेटावरील हिमगांवांत परदेशी माणसें काम करतात. पण तेथें पुन्हां निराळी भाषा, निराळी परीक्षा.

जेथें मागणी असते तेथें दलाल उगवतो. ‘भाषा नको, परीक्षा नको, तीन लाख भरा आणि दोन महिन्यांत स्कीच्या गांवीं जा’ असें सांगणारा मनुष्य बहुतेक तीन लाखांवरच थांबतो. परदेशीं नोकरीस माणसें पाठविणाऱ्यानें सरकारकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, ही १९८३ च्या कायद्याची अट. उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक मोबदला त्यानें घेऊं नये, हा त्याखालचा नियम. नोंदणी-क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासतां येतो आणि प्रवासी-संरक्षकाची कचेरी मुंबईस आहे. वडिलांनीं घरांतील दागिना मोडण्यापूर्वीं एवढें करण्यास एक दिवस पुरतो. मूळ करारपत्र जर्मन भाषेंत असतें. त्यांत कामाचे तास, खोलीचें भाडें आणि करार मोडल्यास काय होईल हीं तीन कलमें समजल्यावांचून सही करूं नये. ज्या मुलाला हीं कलमें स्वतः वाचतां येत नाहींत, त्याची भाषेची तयारी अजून झालेली नाहीं असें समजण्यास हरकत नाहीं.

मुलींच्या बाबतींत घरें अधिक अडखळतात, आणि आश्चर्य हें कीं त्यांचीच वाट त्यांतल्या त्यांत रुंद आहे. थेरगांवांत व चिंचवडांत मोठीं रुग्णालयें आहेत. तेथें रात्रपाळी करणारी परिचारिका अनुभव घेऊन बसलेली असते. जर्मन रुग्णालयांस व वृद्धनिवासांस तिची गरज वाढप्याहून मोठी आहे. तिनें एकटीनें जावें कीं लग्न करून जावें, या वादांत घरांत दोन वर्षें जातात, आणि तेवढ्या काळांत ब-दोनची परीक्षा झाली असती.

समजा, कल्पिलेल्या घरांतील मुलगा गेलाच. मग घड्याळाचा एक नवाच हिशेब घरांत सुरू होतो. हिंवाळ्यांत थेरगांव साडेचार तास पुढें असतें. त्याची रात्रींची पाळी दहाला संपते, तेव्हां येथें अडीच वाजलेले असतात. म्हणून बोलणें होतें तें त्याच्या दुपारच्या मोकळ्या वेळांत, येथील संध्याकाळीं, दिवेलागणीस. ज्या तीन तासांचें काय करावें हें त्याला सुचत नव्हतें, त्यांतला अर्धा तास असा भरतो. घरीं येण्याची रजा गणपतींत मिळत नाहीं, कारण त्या सुमारास डोंगरांत पायीं फिरणाऱ्यांची गर्दी असते. नोव्हेंबर मात्र रिकामा. पानें गळून गेलेलीं, बर्फ अजून पडावयाचा; कित्येक हॉटेलें त्या महिन्यांत कांहीं दिवस बंदच ठेवतात. तेव्हां व्यवसाय-शाळेचे वर्ग त्या आठवड्यांत नसले, आणि दिवाळी त्या वर्षीं उशिरां, नोव्हेंबरांत पडली, तर तो घरीं येऊं शकतो. आईनें पंचांग आधींच पाहून ठेवलेलें असतें.